चोरदिंडी

सॅक आठ दिवसांपासून दिवाणाखाली भरून ठेवली आहे. रोज रात्री जेवणं झाली की मी ती ओढून बाहेर काढतो, सगळं सतरंजीवर मांडतो आणि पुन्हा भरतो. पातेलं, दोरी, मेणात बुडवलेल्या काडेपेट्या, बॅटरीचे जास्तीचे सेल, क्रेप बँडेज, पाण्याच्या चार बाटल्या, भाजक्या पोह्यांची पिशवी, गुळाचा खडा. आई पलंगावर माळ ओढत बसलेली असते. काल मणी थांबवून म्हणाली, "सामान कालचंच आहे ना रे? मग रोज काय मोजतोस?"

मी काही बोललो नाही. मोजता येतं तेच माणूस मोजतो.

येत्या शुक्रवारी मी महिपतगडावर जाणार आहे. तीन रात्री, एकटा. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड असे तीन गड ओळीने उभे आहेत. ट्रेकर मंडळी एका दमात 'रसाळ-सुमार-महिपत' म्हणतात. त्यातला महिपत सगळ्यात ऐसपैस, सुमारे १२० एकरांचा. वर दाट रान, पडक्या तटाचे दगड आणि पारेश्वराचं देऊळ. गर्दी अशी कधीच नसते. थंडीचे दिवस निवडले, कारण पावसाची धास्ती नाही आणि वरचं पाणी अजून आटलेलं नाही. जाऊन वाट पाहून आलोय, वाडीत आणि वनरक्षकाच्या कानावर घातलंय.

हे खूळ डोक्यात शिरलं ते एका परदेशी मालिकेमुळे. दहा माणसांना जंगलात दहा वेगवेगळ्या ठिकाणी सोडतात. प्रत्येकाजवळ स्वतः निवडलेल्या दहा वस्तू आणि एक सॅटेलाइट फोन. नको झालं की बटण दाबायचं, बोट येते. शेवटी उरेल तो जिंकला. पहिल्या पर्वात व्हँकूव्हर बेटावर जिंकणारा गडी ५६ दिवस राहिला. मी मात्र हरणाऱ्यांकडेच बघत बसलो. कुणी पहिल्याच रात्री अस्वलाच्या चाहुलीने उठला. कुणाची झोपडी पक्की, मासे मिळताहेत, प्रकृती ठणठणीत, आणि एका सकाळी बायकोमुलांच्या आठवणीने त्याने बटण दाबलं. भुकेने हरणं समजू शकतं. भरल्या पोटी हरणं मला जवळचं वाटलं.

आपल्याकडे तसलं काही करताही येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फासे-सापळे बंद आहेत, आणि तेच योग्य. झाड तोडायचं नाही, रानात जाळ पसरू द्यायचा नाही. म्हणजे माझ्या वाट्याला शिकार नाही, झोपडी बांधणं नाही. खायला पोहे, झोपायला देवळाची ओसरी, आणि बाकी दिवसभर फक्त मी. जंगलात टिकून राहण्याचा एक ठोकताळा शिकवतात: हवेवाचून तीन मिनिटं, पाण्यावाचून तीन दिवस, अन्नावाचून तीन आठवडे. त्या हिशेबाने तीन रात्री म्हणजे किरकोळ बाब. पण दुसऱ्या माणसाच्या आवाजावाचून किती, ते त्या ठोकताळ्यात नाही.

म्हणून सराव सुरू केला. पहिला वेताळ टेकडीवर. रविवारी पहाटे फोन घरी ठेवून गेलो आणि फिरणाऱ्यांची वाट सोडून एका दगडावर बसलो. ठरवलं होतं, पाच तास हलायचं नाही. पहिल्या वीस मिनिटांत हात नऊ वेळा खिशाकडे गेला. खिसा रिकामा आहे हे हाताला ठाऊक होतं, तरी गेला. तासाभराने खालून मोर ओरडला आणि मला पटकन कुणाला तरी ते सांगावंसं वाटलं. सांगायला कुणी नाही म्हटल्यावर मोराचं ओरडणं अर्धवट राहिल्यासारखं झालं. तिसऱ्या तासाला दगडावरची मुंग्यांची रांग दिसली. ती पहिल्यापासून तिथे असणार.

दुसरा सराव उपाशी राहण्याचा. आमच्या घरात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर केळी. एकादशी आणि दुप्पट खाशी. या खेपेला नुसत्या पाण्यावर राहिलो. दुपारी चारला शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला आणि मी बायकोवर विनाकारण खेकसलो. भूक पोटात लागते, पण आधी बोलते ती जिभेतून, हे मी वहीत लिहून ठेवलं. गडावर खेकसायला कुणी नसेल. तेव्हा ती कुणावर निघेल?

तिसरा सराव मामाकडे. जुन्नर तालुक्यात मामाचा दोन एकर ऊस आहे. मोटारीची लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की मामा दारं धरायला एकटाच निघतो. खांद्यावर खोरं, कपाळाला बॅटरी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्याने लावलेली भजनं. पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचं, ती भरेपर्यंत बांधावर उभं राहायचं, पुन्हा वळवायचं. पहाटेपर्यंत. आणि त्या उसात बिबटे आहेत. माद्या तिथेच पिलं घालतात. या भागात माणसं गेली आहेत, तेव्हा ही शौर्याची गोष्ट नाही. मामाला मी माझा बेत सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पैसे देतंय का कुणी?"

"नाही."

"मग कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. जे मामा लाइटच्या वेळापत्रकामुळे वर्षानुवर्षं करतो आहे, त्यासाठी मी सराव करत होतो. थोडी शरम वाटली. वाटायलाच हवी होती.

त्याने एकच परवानगी दिली. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत, आतून कडी घालून झोपायचं. उघड्यावर नाही. मी झोपलो. रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती आवाजाने. बाहेरच्या सिमेंटच्या ओट्यावर काहीतरी ओढल्यासारखं झालं. खर्र. मग शांतता. मग पुन्हा खर्र, या वेळी दाराच्या जवळ. माझ्या कानात माझंच रक्त धडधडायला लागलं. पुस्तकात वाचलेलं आठवलं: थांब, विचार कर, नीट पाहा, मग ठरव. थांबलो खरा, पण तो काही ठरवून नव्हे, हातपायच हलेनात. पुढचा अर्धा तास मी बिबट्याचा एकेक पंजा, त्याची शेपटी, त्याचं दाराला नाक लावणं, सगळं अंधारात पाहिलं. शेवटी फटीला बॅटरी लावली. बांधावरच्या सागाचं वाळलेलं पान वाऱ्याने ओट्यावर सरकत होतं. सुपाएवढं पान, कडा वळलेल्या, देठ खाली घासत. मी हसलो आणि इतका गाढ झोपलो की मामाने दार वाजवलं तेव्हाच उठलो.

मामाने दाराबाहेर बोट दाखवलं. पाटाच्या ओल्या चिखलात पंजे उमटले होते, ताजे, कडाही न ढासळलेले. दारापासून बारा-पंधरा पावलांवरून तो गेला होता. पहाटे कधीतरी. म्हणजे मी पानाला भ्यालो आणि बिबट्याच्या वेळी घोरत होतो.

त्या दिवसापासून माझा एक समज गळून पडला. मन खंबीर केलं की काम झालं, असं मी धरून चाललो होतो. आता वाटतं, मनाच्या सांगण्यावर तिथे फार विसंबूनच चालणार नाही. ते पानाचा बिबट्या करतं आणि बिबट्याची झोप करतं. अशा गड्याच्या हाती तीन रात्री कारभार द्यायचा, तर त्याला हुकूम आधी लिहून द्यायला हवेत.

मग मी अशा माणसांच्या गोष्टी वाचायला लागलो ज्यांना हे हुकूम मिळाले नव्हते. क्रिस्तोफर मॅककँडलेस हा २४ वर्षांचा तरुण १९९२ च्या एप्रिलमध्ये अलास्काच्या रानात एकटा शिरला आणि तिथे सोडून दिलेल्या एका जुन्या बसमध्ये राहिला. जाताना टेकलानिका नदी त्याने सहज ओलांडली. थंडीचा शेवट होता, पाणी कमी होतं. जुलैत तो परत निघाला तेव्हा तीच नदी वितळलेल्या बर्फाने आणि पावसाने फुगली होती. तो मागे फिरला, बसमध्ये गेला आणि ऑगस्टमध्ये तिथेच मेला. नदीवर थोड्याच अंतरावर हाताने ओढायचा लोखंडी पाळणा होता. त्याच्याकडे नीटसा नकाशा नव्हता, त्यामुळे त्याला ते कळलं नाही. आपल्याकडेही सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारच्या एका सरीने कमरेला लागतो. जातानाची वाट आणि येतानाची वाट एकच असते असं आपण उगाच समजतो.

दुसरी गोष्ट ॲडमिरल बर्डची. १९३४ चा अंटार्क्टिकातला हिवाळा त्याने हवामानाच्या नोंदी घेत एका बर्फात पुरलेल्या खोलीत एकट्याने काढला. शेगडीच्या आणि जनित्राच्या धुराने त्याला विषबाधा झाली. उभं राहवेना, अन्न पोटात ठरेना. बिनतारी संदेशाचं यंत्र शेजारी होतं, तरी तळावर तो सगळं ठीक असल्याचंच कळवत राहिला. आपल्याला सोडवायला अंधारात निघालेली माणसं मरतील या भीतीने. त्याच्या संदेशांचा ताल बिघडलेला पाहून तळावरच्यांना शंका आली आणि ऑगस्टमध्ये तिघंजण त्याच्यापर्यंत पोहोचले. एकाला परतीची वाट सापडली नाही. दुसऱ्याला 'या' म्हणता आलं नाही.

हे वाचताना मला राहून राहून आज्ञापत्र आठवत होतं. रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गांविषयी लिहिताना स्पष्ट बजावलंय की गडाला एकच दरवाजा असणं हे गडाचं वैगुण्य. दोन-तीन दरवाजे करावेत आणि चोरदिंड्याही ठेवाव्यात. ज्यांनी आयुष्य लढण्यात घालवलं, ते तट बांधतानाच निसटायची सोय करत होते. १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडला तेव्हा राजाराम महाराज वाघ दरवाजाने उतरून गेले असं सांगतात, आणि पुढची झुंज जिंजीहून चालली. माघार हा शब्द आपण आता तोंड पाडून उच्चारतो. गड बांधणाऱ्यांच्या हिशेबात मात्र ती दगडात घडवायची गोष्ट होती, आणि शांततेच्या काळात. वेढा पडल्यावर दिंडी फोडता येत नाही.

महिपतगडाला सहा दरवाजे होते: लाल देवडी, पुसाटी, यशवंत, खेड, शिवगंगा आणि कोतवाल. आता बहुतेक ढासळलेत. गड निवडताना मी हे बघितलं नव्हतं. आता ते डोक्यातून जात नाही.

वाट पाहायला गेलो तेव्हा वाडीत एक म्हातारबाबा भेटले. म्हशी चारायला रोज गडाच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाणारे. माझा बेत ऐकून त्यांना ना कौतुक वाटलं ना आश्चर्य. म्हणाले, "एकटा ऱ्हातोस त्याचा काय नाय. उतरनार कवा, ता सांग." मग आम्ही दोघांनी मिळून एक जागा ठरवली. वाटेवर एक मोठी शिळा आहे. रोज सकाळी मी तिथवर उतरून एक दगड ठेवायचा आणि परत वर जायचं. ते म्हशी घेऊन येतील, तेव्हा दगड मोजतील. आदल्या दिवसापेक्षा एक जास्त असला तर ठीक. नसला तर ते वर येतील. बोलणं नाही, भेट नाही. बर्डच्या यंत्रापेक्षा हे मला बरं वाटलं. दगड खोटं बोलत नाही; माणूस उतरला तरच तो वाढतो.

काल रात्री सॅक भरून झाल्यावर एका पोस्टकार्डावर मी परत येण्याच्या अटी लिहिल्या. घरी, भरल्या पोटी, बायको शेजारी असताना. एक: पाणी दोन लिटरवर आलं आणि टाक्यातलं पिण्यासारखं नसलं तर. दोन: ताप आला तर. तीन: सलग दोन रात्री झोप लागली नाही तर. चार: अवकाळी ढग भरून आले तर. पाच: पाय मुरगळला, घसरलो, पण अजून चालता येतंय अशा स्थितीत, लगेच, उद्या बघू म्हणायचं नाही. साप चावला तर त्याची अट करण्यात अर्थ नाही; तिथे शिट्टी, शिळा आणि म्हातारबाबा. यातलं एकही घडलं की स्वतःशी वाद घालायचा नाही. कारण वाद घालणारा तिथला मी असेन, आणि त्याचं सागाच्या पानाचं प्रकरण मला माहीत आहे.

बायकोने कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं. म्हणाली, "आणि काहीच झालं नाही, नुसता कंटाळा आला तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी वाटलं, बास झालं आता. मग?"

मी हसलो. असल्या कारणासाठी कुणी गड उतरतं का? मग ती मालिका आठवली. भरल्या पोटी बटण दाबणारा तो माणूस. मोराचं ओरडणं कुणाला तरी सांगायचं राहून गेलेली ती सकाळ.

माझं थांबणं बघून तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं: सहा, उगाच. त्यापुढे कंसात: विचारणार नाही.

आईने पलंगावरूनच विचारलं, "झालं का मोजून?"

"झालं," मी म्हणालो. "सहा आहेत."