एका क्रमांकामागची अनेक दारे
१/८
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. वेग सेकंदाला ९६०० बिट, म्हणजे जेमतेम ९६० अक्षरे. तोही लाभण्याआधी क्रमांक फिरवणाऱ्याच्या कानी अनेकदा एंगेज टोनच पडे. त्यामागचे गणित साधे होते.

२/८
दूरध्वनीच्या एका लाइनवर एक मोडेम आणि एका मोडेमवर एकच माणूस. केंद्रात जितके मोडेम, तितक्यांनाच एका वेळी प्रवेश. ग्राहकाला एकच क्रमांक ठाऊक असे. एक्स्चेंज एकेक लाइन तपासत त्याचा कॉल मोकळ्या लाइनवर सोडी. यालाच ‘हंटिंग’ म्हणत.

३/८
मोडेमांच्या मागे असे टर्मिनल सर्व्हर. एका अंगाला सिरियल पोर्टांची रांग, दुसऱ्या अंगाला नेटवर्कची केबल. वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखे त्याचे काम: नाव व पासवर्ड विचारावा, ओळख पटली की आत सोडावे.

४/८
मोडेम आणि हा पहारेकरी आरएस-२३२ केबलमधील खुणांनी बोलत. पलीकडच्या मोडेमशी सूर जुळताच ‘डीसीडी’ ही खूण चालू होई, कॉल तुटताच बंद पडे. उलट, सर्व्हरने ‘डीटीआर’ ही खूण काढून घेतली की मोडेम फोन ठेवून देई.

५/८
खरा धोका येथेच दडलेला असे. अनेक मोडेम कारखान्यातून येत तेच डीसीडी कायम चालू दाखवत. मग कॉल तुटला तरी सर्व्हरला पत्ता नसे. त्या लाइनवर येणाऱ्या पुढच्या माणसाला पासवर्ड विचारलाच जात नसे. समोर येई आधीच्या माणसाची उघडी टपाल.

६/८
म्हणून जाणकार तंत्रज्ञ प्रत्येक मोडेमला तीन गोष्टी पढवी: पहिल्या घंटेलाच फोन उचल, डीसीडीची खरी स्थिती कळव, डीटीआर गेली की फोन ठेव. मग तो स्वतः फोन लावी, लॉग-इन होई, मध्येच लाइन उपटी आणि पुन्हा फोन लावून पासवर्ड विचारला जातो का, ते पाही.

७/८
दुसरे संकट याच्या उलट. रांगेतील पहिलाच मोडेम गोठला, तर एक्स्चेंजला ती लाइन मोकळीच दिसे. प्रत्येक नवा कॉल तिथेच जाऊन वाजत राही आणि पुढचे सारे मोडेम रिकामे बसत. तात्पुरता उपाय साधा होता: त्या लाइनला फोन जोडून रिसीव्हर काढून ठेवायचा.

८/८
पुढे एकाच डिजिटल लाइनवर ३० कॉल येऊ लागले, मोडेम सर्व्हरच्या पेटीतच सामावले आणि ब्रॉडबँडने ती पेटीही अडगळीत टाकली. मात्र माणूस निघून गेल्यावर त्याच्यामागे दार लागले की नाही, हा प्रश्न उरलाच. सायबर कॅफेतून लॉग-आउट न करता उठणाऱ्यालाही तोच भोवला.