ओल्ड टॉमच्या गावाला

सिडनी-मेलबर्न प्रवासात बहुतेक जण या गावाला बायपास करतात. तुम्ही करू नका. इथं एका माशाशी केलेल्या कराराची गोष्ट ऐकायला मिळते. आणि तो करार कसा मोडला, याचीही!

ईडन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कोलकाता, फ्लडलाइट्स आणि कान किटवणारा गोंगाट. पण याच नावाचं एक चिमुकलं गाव ऑस्ट्रेलियात आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही नावांचं मूळ एकच आहे. लॉर्ड ऑकलंड हे साहेब १८३६ ते १८४२ हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते. त्यांचं घराणं ईडन. कोलकात्याची बाग त्यांच्या बहिणींच्या नावानं ओळखली जाऊ लागली, आणि त्याच सुमारास न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण टोकाला आखलेल्या एका बंदरालाही हेच आडनाव मिळालं. एका ईडनमध्ये सचिन आउट झाला की स्मशानशांतता पसरायची. दुसऱ्या ईडनमध्ये ती बाराही महिने असते.

सिडनीहून मेलबर्नला जायचे दोन रस्ते. ह्यूम हायवे पकडलात तर आठ-नऊ तासांत काम तमाम. ऑनसाइट आलेली आपली मंडळी हाच पकडतात, कारण सोमवारी स्टेटस मीटिंग असते! दुसरा प्रिन्सेस हायवे. तो किनाऱ्याकिनाऱ्यानं, निलगिरीच्या जंगलांतून वळणं घेत जातो आणि दोन दिवस तरी मागतो. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी न्यू साउथ वेल्समध्ये लेबर डेची सुट्टी असते. तो लाँग वीकएण्ड साधून मी आणि माझा एक मित्र या दुसऱ्या रस्त्यानं निघालो. ईडनला फक्त जेवायला थांबायचं, असा प्लॅन होता. आम्ही तिथं दोन रात्री राहिलो.

गाव म्हणाल तर तीनेक हजार वस्तीचं. इम्ले स्ट्रीट हा मुख्य रस्ता. तो उतरत उतरत स्नग कोव्हच्या धक्क्यावर जातो. तिथं ट्रॉलर्स, जाळी, डिझेलचा आणि मासळीचा वास. मुंबईकराला घरचाच वाटावा असा! समोर टूफोल्ड बे, म्हणजे दोन कप्प्यांचा, खोल, निळाशार उपसागर. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं किनाऱ्यावरून देवमासे मारायचं पहिलं केंद्र १८२८ मध्ये याच पाण्यावर सुरू झालं. त्याच देवमाशांना नुसतं बघायला आज लोक तिकीट काढून येतात.

सांगाड्यासाठी म्युझियम

इम्ले स्ट्रीटवर किलर व्हेल म्युझियम आहे. आत शिरलात की एका भल्यामोठ्या सांगाड्यासमोर पाय थांबतात. हा ओल्ड टॉम. जवळजवळ पावणेसात मीटर लांबीचा किलर व्हेल, म्हणजे ओर्का. नावात व्हेल असला तरी हा खरा डॉल्फिनच्या कुळातला, त्यातला सगळ्यात मोठा. सप्टेंबर १९३० मध्ये त्याचं शव इथल्या पाण्यात तरंगताना सापडलं. गावानं काय करावं? त्याचा सांगाडा साफ करून जपला आणि १९३१ मध्ये त्याच्यासाठी म्युझियम सुरू केलं. तेव्हा जगभर मंदीचा कहर होता, हे लक्षात घ्या. अशा दिवसांत एका माशाच्या हाडांसाठी कोण कशाला पैसे काढेल? पण ईडनकर त्याचं काहीतरी देणं लागत होते.

जिभेचा कायदा

किआ नदीच्या मुखाशी डेव्हिडसन कुटुंबाचं देवमासे मारायचं ठाणं होतं. तीन पिढ्या, शेवटचा जॉर्ज डेव्हिडसन. हिवाळ्यात मोठे देवमासे किनाऱ्याजवळून जायला लागले की ओर्कांचा कळप त्यांना उपसागरात रेटत आणायचा. मग कळपातले एक-दोन जण थेट ठाण्यासमोर येऊन पाण्यावर शेपट्या आपटायचे. अर्थ सरळ होता : ‘उठा, गिऱ्हाईक आलंय!’ रात्र असो, थंडी असो, ‘रश ओ!’ अशी आरोळी उठायची आणि माणसं वल्ह्याच्या होड्या घेऊन सुटायची. हार्पून बसला की ओर्का त्या जखमी देवमाशाला खोल जाऊ द्यायचे नाहीत, की पळू द्यायचे नाहीत. ओल्ड टॉम तर हार्पूनचा दोर दातात धरून होडीच ओढायचा म्हणतात.

मग वाटणी. मेलेला देवमासा नांगर टाकून पाण्यातच सोडायचा. ओर्का त्याची जीभ आणि ओठ खायचे, बाकी शिवायचे नाहीत. एक-दोन दिवसांनी शव फुगून वर आलं की माणसांनी ते ओढत न्यायचं. चरबीचं तेल आणि जबड्यातल्या लवचीक पट्ट्या हा माणसांचा वाटा. या पट्ट्या तेव्हा मडमांच्या कॉर्सेटमध्ये घालायचे! या व्यवहाराला नाव पडलं ‘लॉ ऑफ द टंग’, जिभेचा कायदा. कुठं सही नाही, शिक्का नाही. तरी तो वर्षानुवर्षं चालला.

पण हा शोध डेव्हिडसनचा नव्हे बरं का! इथले मूळ रहिवासी म्हणजे युइन लोकांपैकी थावा समाज. ओर्कांशी त्यांचं नातं गोऱ्यांच्या कितीतरी आधीपासूनचं. आपले मेलेले पूर्वज ओर्का होऊन परत येतात, अशी त्यांची श्रद्धा होती. १८४० च्या दशकात इथं राहिलेल्या ऑस्वल्ड ब्रायर्ली या चित्रकारानं तशी नोंद करून ठेवलीय. डेव्हिडसनच्या होड्यांवर वल्ही मारणाऱ्यांत, हार्पून फेकणाऱ्यांत या समाजातली बरीच माणसं होती. ‘या प्राण्यांना मारायचं नाही, यांचा वाटा यांना द्यायचा’ ही शिस्त गोऱ्यांनी त्यांच्याकडूनच उचलली. मोटरबोटी आणि स्फोटक हार्पून आले तरी डेव्हिडसन वल्ह्यालाच चिकटून राहिला, तो ओर्का बुजू नयेत म्हणून.

जाता जाता एक भन्नाट गोष्ट. १८९० च्या दशकात संधिवाताचे पेशंट इथं एका अघोरी उपचारासाठी यायचे. ताज्या मारलेल्या देवमाशाच्या शवात भोक पाडून, त्यात मानेपर्यंत उतरून तासन्‌तास बसायचं! गुण यायचा की नाही देव जाणे, पण बाहेर आल्यावर चार दिवस तरी कुणी जवळ उभं करत नसेल. आपलं स्पा परवडलं!

करार मोडला

आता पुन्हा ओल्ड टॉमच्या जबड्याकडे बघा. काही दात झिजलेत, काही नाहीतच. गावात सांगतात ती गोष्ट अशी. १९२० च्या दशकात, देवमासे दुर्मीळ झालेले असताना, डेव्हिडसन आणि जे. आर. लोगन नावाचे एक गृहस्थ समुद्रात होते. टॉमनं एक छोटा देवमासा आणून दिला. वादळ येत होतं. लोगननं विचार केला, या वेळी शव सोडायला नको, सरळ किनाऱ्याला नेऊ. टॉमनं दोर धरला. बोट एकीकडे ओढतेय, टॉम दुसरीकडे. त्या ओढाताणीत टॉमचे दात निखळले. लोगनची छोटी मुलगी बोटीत होती. आपण हे काय करून बसलो, असं वडील कळवळून म्हणाल्याचं तिनं पुढे म्हातारपणी सांगितलं. म्युझियम उभारण्यात हेच लोगन पुढे होते.

गोष्टीत मीठमसाला किती, ते सोडून द्या. मला पटलं ते एवढंच, की एका डेडलाइनच्या घाईत, ‘फक्त या वेळी’ म्हणून, माणूस वर्षांची भागीदारी मोडतो. आपल्या ऑफिसातही हेच होतं ना?

टॉमबरोबर ते सगळंच संपलं. त्याच्या दातांचा आणि हाडांचा डीएनए तपासून २०२३ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यानुसार टॉमचे सगळ्यात जवळचे नातेवाईक न्यूझीलंडकडचे ओर्का आहेत, पण त्याच्या कळपाचा थेट वंश आज कुठं सापडत नाही. समुद्रात ओर्का अजूनही दिसतात. शेपटी आपटून हाक मारणारे मात्र गेले.

न पेटलेला दिवा

दुसऱ्या दिवशी आम्ही उपसागराच्या दक्षिण तोंडावरच्या बॉइड टॉवरला गेलो. बेन बॉइड हा १८४० च्या दशकातला धनाढ्य स्कॉटिश व्यापारी. ईडनसमोर त्यानं स्वतःच्या नावाचं बॉइडटाउन वसवलं. दीपगृह म्हणून हा दगडी टॉवर बांधला, वर आपलं नाव कोरलं. सरकारनं परवानगी दिली नाही, दिवा कधी लागलाच नाही. १८४९ पर्यंत बॉइडचा धंदाही बुडाला.

त्याचं आणखी एक कर्तृत्व आहे. १८४७ मध्ये त्यानं प्रशांत महासागरातल्या बेटांवरून साठेक माणसं कवडीमोल मजुरीवर उचलून आणली. ज्या करारांवर त्यांचे अंगठे घेतले ते त्यांना वाचताही येत नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या ‘ब्लॅकबर्डिंग’ची, म्हणजे बेटांवरची माणसं मजुरीसाठी पळवून आणायच्या धंद्याची ही सुरुवात मानतात. तरीही इथलं नॅशनल पार्क कित्येक वर्षं बेन बॉइडच्या नावानं होतं. ते २०२२ मध्ये बदललं. आता ते आहे बिओवा नॅशनल पार्क. बिओवा हा थावा भाषेतला शब्द. अर्थ? ओर्का.

माशाचं देणं गावानं वर्षभरात मानलं. ज्यांनी तो मासा ओळखीचा करून दिला, त्यांच्या भाषेतला एक शब्द पाटीवर यायला मात्र आणखी नव्वद वर्षं लागली.

गाव आणि पाहुणे

ईडनची खरी परीक्षा अलीकडची. १९९९ मध्ये इथला टूना डबाबंद करायचा कारखाना बंद पडला आणि गावाची रोजीरोटी गेली. मग भिस्त टुरिझमवर. २०१९ मध्ये क्रूझ जहाजांसाठी धक्का वाढवून तयार झाला. पण जानेवारी २०२० मध्ये वणवे गावाच्या वेशीपर्यंत आले. आकाश लाल-काळं झालं, आणि लोकांनी त्याच स्नग कोव्हच्या धक्क्यावर, पाण्याच्या आसऱ्याला रात्र काढली. किआ परिसरात कित्येक घरं जळाली. ते सावरतंय तोवर कोविड आला आणि क्रूझ बंद. जहाजं आता परत येताहेत. पण चार पैसे गाठीला बांधून, दोन रात्री राहणारा पाहुणा इथं जास्त हवाहवासा आहे, हे दुकानात दोन मिनिटं बोललात तरी कळतं.

शेवटच्या सकाळी बोटीतून देवमासे बघायला गेलो. हंपबॅक दक्षिणेकडे परतताना इथं चरायला थांबतात. १९६० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावर ते काही शेकडाच उरले होते. आता हजारो आहेत, आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियानं त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. तासभर काहीच दिसलं नाही. मग डावीकडे एक फवारा उडाला आणि सगळी बोट एकदम ओरडली. त्याच पाण्यावर, तितक्याच जोरात. फक्त या वेळी हातात कॅमेरे होते. कप्तानानं इंजिन मंद केलं, ठरलेल्या अंतरावर बोट थांबवली. माय-लेकरू आमच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे निघून गेलं.

जाणार असाल तर...

केव्हा : देवमाशांसाठी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. पोहायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, तिकडचा उन्हाळा.

कसं : सिडनीहून प्रिन्सेस हायवेनं सुमारे ४८० किलोमीटर. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं. संध्याकाळनंतर कांगारू आडवे येतात, वेग आवरा. विमानानं जायचं तर जवळचा विमानतळ मेरिम्बुला.

काय बघाल : किलर व्हेल म्युझियम, किआजवळचं डेव्हिडसन व्हेलिंग स्टेशन, बॉइड टॉवर आणि १८८३ चं ग्रीन केप दीपगृह. टॉवर ते दीपगृह हा साधारण ३० किलोमीटरचा ‘लाइट टू लाइट’ ट्रेक ट्रेकर्सनी सोडू नये. निघण्यापूर्वी पार्कच्या ऑफिसात रस्त्याची चौकशी करा.

काय खाल : टूफोल्ड बेमध्येच वाढवलेल्या मसल्स, म्हणजे शिंपल्या, आणि जवळच्या पाम्बुलाचे ऑयस्टर्स. शाकाहारी मंडळींनो, थेपले सोबत ठेवा!