अडीनडीचं पाणी

आमच्या छत्रपती संभाजीनगरला कधी आलात तर वेरूळ-अजिंठा तुम्ही पाहालच, त्यासाठी माझ्या शिफारशीची गरज नाही. पण एक दुपार राखून ठेवा आणि पाणचक्कीला नक्की जा. शहर तेव्हा औरंगाबाद होतं, मी लग्न होऊन इथे आले, तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते तिथेच.

गेल्या भाऊबीजेला चिपळूणहून दादा-वहिनी आले होते. मकबरा पाहून झाल्यावर आम्ही महमूद दरवाज्याजवळ खाम नदीच्या काठी पाणचक्कीत आलो. आत मोठा हौद, काठाला जुना वड, आणि उंच भिंतीवरून हौदात कोसळणारं पाणी. हे पाणी काही मैलांवरच्या हर्सूलकडच्या डोंगरातल्या झऱ्यातून मातीच्या नळांनी जमिनीखालून येतं. वीज नाही, पंप नाही. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरे आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी धान्य दळलं जाई. हौदाखाली एक भलंमोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत, त्यामुळे उन्हाळ्यातही आत कसं गार वाटतं!

शहराला अशा नहरींची सवय मूळची मलिक अंबरची. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला. 1610 च्या सुमारास त्याने इथे खडकी गाव वसवलं आणि जमिनीखालून नहरी काढून घराघरांच्या दारात वाहतं पाणी आणलं.

वहिनी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "वन्सं, चारशे वर्षांपूर्वी दारात पाणी येत होतं म्हणता, मग तुमच्या न्हाणीघरात एवढी पिंपं कशाला?"

माझ्या माहेरी मागच्या दारी विहीर आहे. तिथे राहणाऱ्या बाईला हे कळायचं नाही. आमचं पाणी पैठणच्या नाथसागरातून येतं. म्हणजे धरण चांगलं समुद्रासारखं, पण गेली कित्येक वर्षं नळाला पाणी मात्र कधी चार दिवसांनी, कधी सहा, आणि उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी. त्यामुळे 'पाण्याचा दिवस' हा आमच्या घरातला सणवारच असतो. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही की हळदीकुंकवाला जात नाही. टाकी, पिंपं, हंडे, कळशा, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. आणि सगळं भरलं तरी कोपऱ्यातल्या एका पिंपाला हात लावायचा नाही. ते अडीनडीचं! पाणी चुकलं, पाहुणे आले, तर असावं म्हणून ठेवलेलं. सासूबाईंच्या काळापासूनचा हा नियम, आणि मीही तो अभिमानाने पाळत होते.

त्या पिंपाची गोष्ट सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

तीन वर्षांपूर्वी गणपती उठले आणि आमच्या धाकटीला ताप भरला. डोकं दुखतंय, डोळ्यांच्या मागे ठणकतंय, अंग मोडून आलंय. मला वाटलं, पावसात भिजली असेल. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी देवापुढे साखर ठेवली आणि तिच्या आवडीची मुगाची खिचडी टाकली. पण पोरगी घास घेईना. पोट दुखतं म्हणून रडायला लागली, दोनदा उलटी झाली, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि ती अगदी मलूल होऊन पडली. ह्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डेंग्यू निघाला. पाच दिवस सलाइन आणि रोज रक्ताची तपासणी. रात्री तिच्या उशाशी बसून मी मनातल्या मनात गटारं तुंबवणाऱ्यांना, शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या कचऱ्याला, सगळ्या जगाला बोल लावत होते.

मुलगी सुखरूप घरी आली. दुसऱ्याच दिवशी पाहणीसाठी आशाताई आल्या. मी त्यांना तावातावाने त्या प्लॉटकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिकडं नंतर जाते. आधी तुमचं पाणी दाखवा." आणि थेट न्हाणीघरात जाऊन त्यांनी अडीनडीच्या पिंपावरची फळी सरकवली, आत बॅटरीचा उजेड टाकला. "बघा ताई."

स्वच्छ, नितळ पाणी. त्यात बारीक दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत वर येत होतं आणि उजेड पडताच तळाशी जात होतं. डासांच्या अळ्या! पुढे पाहिलं तर तुळशीखालच्या ताटलीत, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, जूनपासून बाल्कनीत लोटून ठेवलेल्या कूलरच्या तळाशी, आणि गृहसजावटीचं सदर वाचून मी दिवाणखान्यात ठेवलेल्या मनीप्लांटच्या बाटलीतसुद्धा. रोज लादी पुसणारी बाई मी! लाजेने मान खाली गेली.

आशाताईंनी मग समजावून सांगितलं. डेंग्यूचा डास, तो एडिस. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. त्याला गटार आवडत नाही, घरातलं साठवलेलं पाणीच लागतं. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवते. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी ओतून टाकलं तरी कडेची अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने जगतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. आम्ही पिंपातलं पाणी वरून काढत होतो, वरून भरत होतो. तळ कधी कोरडा झालाच नव्हता.

हा डास मूळचा आफ्रिकेतला. जुन्या काळी लांबच्या प्रवासाला निघालेल्या जहाजांवर पिण्याच्या पाण्याची पिंपं असत, त्यांतून तो दूरदूरच्या बंदरांत जाऊन पोचला, असं मी नंतर वाचलं. मला आमचंच न्हाणीघर आठवलं! आज ब्राझीलपासून सिंगापूरपर्यंत बायका याच डासाशी झगडत आहेत. 2024 या एकाच वर्षात जगभरात डेंग्यूचे एक कोटीहून अधिक रुग्ण नोंदले गेले. सिंगापुरात तर तपासनीस घरात येऊन कुंड्या पाहतात आणि अळ्या सापडल्या तर दंड करतात. चिकुनगुनियाही हाच डास पसरवतो. 1973 मध्ये आपल्या बार्शीला त्याची साथ आली होती आणि 2006 मध्ये तर त्याने मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली माणसं वाकवली.

मी अर्धवेळ शाळेत शिकवते. 25 एप्रिलला जागतिक हिवताप दिन, 16 मेला आपल्याकडे डेंग्यू दिन असतो, पण तेव्हा मुली परीक्षेत नाहीतर सुट्टीत. म्हणून आमच्या वर्गात 20 ऑगस्टचा जागतिक डास दिन. 1897 साली याच तारखेला रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. आपलं शहरही तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होतं, हे सांगितलं की मुलींचे कान टवकारतात. हुसेन खान नावाच्या रुग्णाने स्वतःला डास चावून घेतले आणि रॉसनी त्याला दर डासामागे एक आणा दिला, हे ऐकून तर त्या हसतातच.

एका वर्षी मी मुलींना सांगितलं, डास कुठे होतात त्याचं चित्र काढा. भराभर चित्रं आली. एकजात सगळ्यांनी गटार काढलं होतं. एकीनेही पिंप काढलं नव्हतं. त्यांना तरी काय बोलायचं? मीही तेच काढलं असतं.

आता तुम्ही विचाराल, मग काय पाणी फेकून द्यायचं? सासूबाईंनी हेच विचारलं. "पाणी ओततेस? या गावात?" त्यांचं चुकलं नव्हतं. ज्यांनी टँकरमागे धावून कळशा भरल्या आहेत, त्यांना 'कोरडा दिवस पाळा' एवढं सांगून भागत नाही. म्हणून आम्ही घरच्या घरी तोडगा काढला. पाण्याच्या आदल्या दिवशी भांडी तशीही तळाला गेलेली असतात. त्याच दिवशी पिंपं रिकामी करायची. उरलेलं पाणी नाल्यात न ओतता झाडांना घालायचं. मातीत मुरलं की अळ्या मरतात. मग पिंपाची कड काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासायची, म्हणजे अंडी सुटतात. पालथं घालून वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी भरलं की तोंडाला जुन्या धुतलेल्या साडीचा दुहेरी फडका घट्ट बांधायचा. नुसती फळी पुरत नाही. पाणी लांबलं, तरी सात दिवसांच्या आत एकदा घासायचंच. अडीनडीचं पिंप दर खेपेला बदलायचं, म्हणजे जुनं वापरायचं आणि नवं राखायचं. मोठा हौद रिकामा होत नसेल तर गप्पी मासे सोडा, आरोग्य खात्याकडे मिळतात.

आणि ताप आलाच तर घरात पडलेली ऍस्पिरिन किंवा आयब्रुप्रोफेनची गोळी देऊ नका, रक्तस्रावाची भीती असते. तापाला साधी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, ताक, आणि वेळेवर डॉक्टर. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दिवस घालवू नका. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस सर्वांत जपायचे, हे मी महागात शिकले.

वहिनीला मी हे सगळं पाणचक्कीच्या त्या वडाखाली बसून सांगितलं. घरी आल्यावर ती आधी न्हाणीघरात गेली. कोपऱ्यात अडीनडीचं पिंप होतंच, तोंडाला फडका बांधलेलं. पिंपावर खडूने तारीख लिहिली होती.

"ही कुणी लिहिली?" तिने विचारलं.

धाकटी पुढे येऊन म्हणाली, "मी. सात दिवस झाले की मी आईला ओरडते."