भाई, थांब!

कोनामीच्या जुन्या खेळांत सर्वांत चांगला कोणता? जाणकार ‘ग्रॅडियस’ किंवा ‘कॅसलव्हेनिया’ म्हणतील. माझं मत ‘कॉन्ट्रा’ला.

त्यात ३ जीव मिळत. गुप्त क्रमानं बटणं दाबली की ३०. तो क्रम मूळचा ‘ग्रॅडियस’मधला. काझुहिसा हाशिमोतो यांनी तो खेळ तपासताना स्वतःसाठी घातला होता, कारण खेळ त्यांनाच झेपेना!

पण ‘कॉन्ट्रा’तल्या धबधब्यावर ३० जीवही कमी पडत. एकजण भराभर वर चढला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला जोडीदार गोळी न लागताच मरतो. मी ओरडायचो, ‘भाई, थांब!’ आणि भाई थांबायचा.

एकट्यानं पुढे जाता येतं. पण मग शेवटच्या शत्रूसमोर शेजारी कुणी नसतं.