लक्ष कुठे आहे?

वर्गात दिवसातून किती वेळा हा प्रश्न आमच्या तोंडून निघतो, ते आम्ही कधी मोजले नव्हते. विज्ञानाच्या तासाला तो “ध्यान कहाँ है?” असतो, मराठीच्या तासाला “लक्ष कुठे आहे?” असतो. उत्तर दोन्ही भाषांत एकच असते: खाली घातलेली मान.

यंदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांना विषय सुचवायला सांगितले. ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन दरवर्षीप्रमाणे आलेच. मग एक मुलगा म्हणाला, “टीचर, अभ्यास करता करता मोबाइल बघितला तर नुकसान होतं, असं घरी सगळेच म्हणतात. पण कुणी मोजलंय का?”

मोजले आहे. 1927 साली आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना एकाच प्रकारचे काम सलग करायला लावले, मग दोन प्रकारची कामे आलटूनपालटून करायला लावली. आलटूनपालटून करताना वेळ जास्त लागला. 2001 साली अमेरिकेतल्याच रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स या तिघांनी दाखवले की कामाचे नियम जितके किचकट, तितका हा जादा वेळ मोठा. कारण समजायला सोपे आहे. विचार करावा लागणारी दोन कामे समोर असली की मन एकातून दुसऱ्यात उड्या मारत राहते. प्रत्येक उडीला आधीच्या कामाचा नियम बाजूला ठेवायचा आणि नव्याचा आठवायचा, यात वेळ जातो आणि चुका होतात. चालता चालता गप्पा जमतात, कारण पाऊल टाकायला विचार लागत नाही. गणित सोडवता सोडवता मेसेज वाचायचा म्हटले की दोन्हीकडे विचार लागतो.

मुलांना हे सांगून आम्ही थांबू शकलो असतो. पण सांगणे वेगळे आणि मुलांनी स्वतः मोजणे वेगळे. म्हणून आराखडा करायला बसलो.

काम असे निवडले की साहित्य फक्त कागद, पेन आणि घड्याळ. आधी वाटले, एक वाक्य आणि 1 ते 20 अंक लिहायला द्यावेत. आधी वाक्य मग अंक, नंतर एक अक्षर एक अंक असे. पण उर्दूत अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात, मध्ये अंक घालायचा कसा? शेवटी सुटे हर्फ घेतले. अलिफपासून स्वादपर्यंत मोजून 20 होतात. पहिल्या फेरीत 20 हर्फ सलग, मग 20 अंक सलग. दुसऱ्या फेरीत अलिफ, 1, बे, 2, पे, 3 असे. लिहायचे तेवढेच, बदलते फक्त लिहिण्याची रीत.

मग मुलांनीच एकेक भोक दाखवले. “टीचर, दुसऱ्या वेळी हात बसलेला असेल ना?” म्हणून अर्धा वर्ग सलगने सुरू करील, अर्धा आलटूनपालटून. “घाईत लिहून चुका केल्या तर?” म्हणून वेळेबरोबर चुकाही मोजायच्या. “माझं अक्षर मुळातच हळू आहे.” म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच. प्रत्येक फेरी तीनदा करून सरासरी काढायची, सर्वांनी दिवसाच्या एकाच वेळी करायचे आणि कागदावर नावाऐवजी क्रमांक टाकायचा, म्हणजे कुणाची थट्टा व्हायला नको.

स्टाफरूममध्ये आम्ही आधी स्वतः करून पाहिले. अलिफ-बे इतकी वर्षे शिकवूनही दुसऱ्या फेरीत ज़ालपुढे 14 लिहिले. ज़ाल तेरावा आहे.

त्या दिवशी सुट्टीत शेवटच्या बाकावरची एक मुलगी टेबलाशी आली. काहीतरी विचारत होती. आम्ही शाळेच्या ग्रुपवर माहिती भरत होतो, “हं, हं” म्हणत होतो. ती थांबली, तेव्हा मान वर केली. “पुन्हा सांग,” म्हटले. अभ्यास करताना मोबाइल बघणाऱ्यांवर प्रयोग रचणारी व्यक्ती ती हीच!

ती म्हणाली, “टीचर, माझ्याकडे मोबाइल नाही. पण मगरिबनंतर मी अभ्यासाला बसते तेव्हा अम्मी फॉल-पिकोचं काम करते, धाकटा भाऊ माझ्याकडे असतो. तो रडतो, दूध उतू जातं, कुणी साडी घ्यायला येतं. हे प्रयोगात धरायचं का?”

तिच्या वहीत आम्हीच दोनदा लाल शाईने लिहिले होते, “अभ्यासात लक्ष नाही.”

आमचा आराखडा मोबाइलला गुन्हेगार ठरवून बसला होता. स्वतःहून मारलेली उडी आणि दुसऱ्याने मारायला लावलेली उडी यांत फरक असतो, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. म्हणून तिसरी फेरी वाढवली. लिहिणाऱ्याने सलगच लिहायचे, पण दर दहा सेकंदांनी कुणीतरी हाक मारून साधा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे लिहायचे नाही. उत्तर द्यायला लागलेला वेळ वेगळा मोजून वजा करायचा. हाकेनंतर हात पुन्हा कामाला लागेपर्यंत काही वेळ जातो का आणि चुका वाढतात का, ते त्यातून दिसेल. हाक मारण्याचे काम त्या मुलीने मागून घेतले. सरावात तिने धाकट्या भावाची अशी काही नक्कल केली की वर्ग हसून लोळला.

हदीसमध्ये येते की नमाज लांब करण्याचा इरादा असूनही मूल रडल्याचा आवाज कानी पडला की प्रेषित (स.) नमाज आटोपशीर करत, कारण त्या रडण्याने आईच्या जिवाची काय घालमेल होते हे ते जाणून होते. मागे उभ्या असलेल्या आईला त्यांनी बोल लावला नाही, नमाजच छोटी केली. ही हदीस आम्ही कितीदा ऐकली आहे. लाल शाईचे पेन हातात असताना मात्र आठवली नाही.

प्रयोगाला एक चिठ्ठी जोडली आहे. मगरिब ते इशा या वेळात अभ्यासाला बसलेल्या मुलाला कितीदा हाक मारली, याच्या रेघा घरच्यांनी ओढायच्या. चांगले-वाईट काही लिहायचे नाही, नुसत्या रेघा. त्या मुलीची अम्मी संमतीची सही करायला शाळेत आली. चिठ्ठी वाचून थोडा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “पुस्तक घेऊन बसलेली दिसली की मला वाटायचं, रिकामीच आहे.” मग स्वतःच म्हणाली की मगरिबनंतर अर्धा तास थोरला मुलगा धाकट्याला बाहेर फिरवून आणील.

प्रयोग व्हायचा आहे. आकडे काय येतील ते मुले प्रदर्शनात मांडतील, आणि आमच्या अंदाजापेक्षा वेगळे आले तर तेही तसेच मांडायचे, असे ठरले आहे. तोवर आम्ही दोन गोष्टी केल्या. त्या वहीतले दोन्ही शेरे खोडले आणि बाजूला तारखेसह सही केली. आणि सुट्टीत कुणी मूल टेबलाशी आले, तर मोबाइल पालथा ठेवतो.

वाचक भगिनी-बंधूंनीही एका संध्याकाळी रेघा ओढून पाहाव्यात. कागद आणि पेन एवढेच लागते.