उजेडातले ताट

गेल्या मार्गशीर्षात आम्ही आमच्या वाकडच्या घरातील दिवाणखान्याच्या लाकडी भिंती पांढऱ्या रंगाने रंगवून घेतल्या. "सागवानाला कुणी रंग फासतो का?" असा प्रश्न त्यानंतर इतक्या आप्तांनी विचारला की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. लिहिताना संकोच होतो, कारण त्या उत्तरात माझी स्वतःची एक चूक दडलेली आहे.

हे घर आम्ही २००६ साली घेतले. वाकड १९९७ मध्येच पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले होते आणि शेजारी हिंजवडीचे आयटी पार्क विस्तारत होते. तरीही आमच्या तिसऱ्या मजल्याच्या पश्चिमेला तेव्हा मोकळे रान होते. मी त्या वेळी बँकेत शाखाधिकारी होतो. शाखेतील माझ्या केबिनला छतापर्यंत लाकडी पॅनेलिंग होते. कर्ज मागायला येणारा व्यापारी, बाहेर कितीही मोठ्याने बोलत असला तरी, त्या केबिनमध्ये आला की आवाज खाली आणत असे. तो मान खुर्चीचा आणि लाकडाचा होता, माझा नव्हता. पण हे मला तेव्हा उमगले नाही. उलट तसेच लाकूड घरीही असावे, अशी हौस मनात धरली.

दिवाणखाना आणि जेवणाची जागा मिळून तीन भिंतींवर प्लायवूड बसवले, त्यावर सागवानी व्हीनियर चढवले आणि गडद तपकिरी पॉलिश करून घेतले. वास्तूच्या दिवशी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी अभिमानाने सांगत होतो, "शुद्ध चपड्याचे पॉलिश आहे, हाताने घासलेले." हे वाक्य पुढे माझ्याच अंगावर येणार होते.

२०१५ साली समोरच्या रानात उंच इमारत उभी राहिली. दुपारी चारनंतर आमच्या दिवाणखान्यात उन्हाची तिरीप येईनाशी झाली. मी दिवा लावून वर्तमानपत्र वाचू लागलो आणि त्यात काही बिघडले आहे असे मला कधी वाटले नाही.

आमच्या सौ. नियमाने चौविहार करतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. संध्याकाळी त्या आपले ताट घेऊन ड्राय बाल्कनीत जात. भांडी तिथेच घासायची असतात म्हणून सोयीसाठी जात असतील, असे मी धरून चाललो होतो. गेल्या चातुर्मासात एका पावसाळी दिवशी मी फिरून लवकर परतलो. पाहतो तो वॉशिंग मशीनच्या झाकणावर ताट ठेवून, लहानशा स्टुलावर बसून त्या जेवत होत्या. प्रत्येक घास खिडकीच्या बाजूला धरून, नीट पाहून मग तोंडात घालत होत्या.

"इथे का बसलीस?" मी विचारले.

"अहो, टेबलावर ताटातले दिसत नाही. दिवसा अंधारात जेवले तरी ते रात्रीच जेवल्यासारखे, असे आई सांगायची."

"केव्हापासून चालले आहे हे?"

"समोरची इमारत झाली तेव्हापासून."

म्हणजे नऊ वर्षे! मला का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही ते लाकूड किती हौसेने केले होते."

आयुष्यभर मी लोकांचे ताळेबंद तपासले. कोणता माल गोदामात अडकून पडला आहे आणि कोणती मालमत्ता केवळ कागदावर मोठी दिसते, हे मी व्यापाऱ्याला त्याच्या तोंडावर सांगत असे. माझ्या घरातला हा अडकलेला माल मात्र माझ्या नजरेला पडला नव्हता.

चिरंजीव म्हणाले, "पप्पा, छतात आणखी दिवे बसवू." पण प्रश्न दिव्यांचा नव्हता, दिवसाच्या उजेडाचा होता. मग त्यांनी सगळे लाकूड काढून टाकण्याचा खर्च काढला. तो रंगकामाच्या चौपटीहून अधिक निघाला. शिवाय सौ.चे म्हणणे पडले की, चांगले लाकूड फेकून त्या जागी दुसरे काही आणायचे, म्हणजे आणखी एक झाड आपल्या नावावर. तेव्हा रंग द्यायचे ठरले. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग परत खोलीत सोडते, तर गडद पॉलिशचे लाकूड त्यातला बहुतेक गिळून टाकते. खिडकी तेवढीच राहिली तरी खोली उजळते, ती यामुळे.

पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि जीवजंतूही फार असतात, म्हणून चातुर्मास सरेपर्यंत थांबलो. ओल्या पांढऱ्या रंगावर दिव्याच्या ओढीने येणारे चिलट चिकटते आणि तिथेच मरते. म्हणून काम सूर्यप्रकाशातच करायचे, दुपारी तीनला ब्रश खाली ठेवायचा, रंग सुकेपर्यंत त्या खोलीत दिवा लावायचा नाही आणि खिडक्यांना जाळी लावायची, अशी अट मी रंगाऱ्याला घातली. तो आधी हसला, मग म्हणाला, "काका, हे बरेच आहे. चिकटलेली चिलटे पुन्हा घासून काढण्यात माझा अर्धा दिवस जातो."

पहिल्याच सकाळी त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून लाकडावर घासला. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागले. "चपडाच आहे. मेलामाइन असते तर सुटले नसते," तो म्हणाला. मी नेहमीच्या अभिमानाने मान डोलावली. सौ.नी विचारले, "चपडा म्हणजे काय हो?"

चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे सूक्ष्म कीटक वसतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. ते कवच कीटकांसकट खरवडून लाख मिळवतात. आपल्या देशात हे उत्पादन इतके मोठे की, त्याच्या अभ्यासासाठी १९२४ सालीच रांचीजवळ नामकुम येथे संशोधन संस्था निघाली. हे सांगता सांगता मीच थबकलो. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आहे. प्रतिक्रमणात ते नाव मी वर्षानुवर्षे उच्चारत आलो, आणि त्याच लाखेच्या भिंतींना पाठ टेकून अठरा वर्षे सामायिक करत आलो! आम्ही लाखेचा व्यापार केला नव्हता, हे खरे. पण ती हौसेने विकत घेऊन मिरवली होती.

सौ. म्हणाल्या, "झाले ते झाले. आता नव्याने नको."

ती वेळ लगेच आली. व्हीनियरचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्यामुळे यंत्र न लावता हातानेच आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारली. कडांना मात्र कोरे लाकूड उघडे पडले. प्रायमरचा पहिला हात दिल्यावर तिथे पिवळट डाग उमटले. सागवानातील तेल आणि रंगद्रव्ये अशी वर येतात. त्यावर चपड्याचा एक हात मारणे, हा रंगाऱ्यांचा जुना उपाय. आम्ही नको म्हटले. त्याऐवजी डाग रोखणाऱ्या तेली प्रायमरचे आणखी दोन हात, प्रत्येकी एक पूर्ण दिवस सुकू देऊन, दिले. दुसऱ्या हाताला डाग पुसट झाले, तिसऱ्याला दिसेनासे झाले. काम तीन दिवस लांबले. वरून पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक एनॅमल लावले, कारण तेली पांढरा रंग कमी उजेडाच्या खोलीत काही वर्षांत पिवळा पडतो. मुख्य दाराची चौकट तेवढी भरीव सागवानाची आहे. ती आम्ही रंगवली नाही.

आपल्या अनेक घरांतून आणि पेढ्यांतून असे लाकूड आहे. प्रत्येकाने ते रंगवावे, असे मी सुचवत नाही. रंगवायचे झाल्यास कोपऱ्यात वीतभर जागेवर आधी सर्व थर देऊन, चार दिवस थांबून पाहावे आणि डब्यात काय आहे ते दुकानदाराला विचारून घ्यावे. त्याआधी मात्र दिवस मावळताना घरातले कोण कुठे जाऊन बसते, हे पाहावे. ते पाहायला मला नऊ वर्षे लागली.

रंग पूर्ण सुकल्यावर पहिल्या संध्याकाळी सव्वापाच वाजता सौ.नी टेबलावर ताट मांडले. एरवी आठ वाजता बातम्या पाहत जेवणारा मी, त्या दिवशी त्यांच्यासोबत बसलो. दिवा लावलेला नव्हता. त्यांनी वरणातला एक बारीकसा काळा कण बोटाने टिपून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "मोहरीच आहे." मग त्यांनी घास घेतला.