गोदीच्या गाळातील थकबाकी

वर्धा नदीला पावसाळ्यात येणारा पूर हाच ज्या मुलखातील बहुतेक लोकांनी पाहिलेला पाण्याचा सर्वांत मोठा विस्तार, त्या नरखेड तालुक्यात जन्मून नौदलाच्या शस्त्रास्त्र-तपासणीच्या खात्यात उमेदीची सगळी वर्षे घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर गावी परतल्यावर जे प्रश्न विचारले जातात, त्यांत पेन्शन आणि जहाजावरचे जेवण हे विषय आटोपले म्हणजे एक प्रश्न हटकून येतो. मुंबईच्या गोदीत जुना तोफगोळा सापडल्याची गोष्ट कोणीतरी काढतो, आणि संत्र्याच्या ढिगाशी प्रतवारी करीत बसलेला दुसरा कोणी अगदी साध्या कुतूहलाने म्हणतो, ‘काकाजी, इतकी वर्सं पाण्यात भिजलेली दारू आतापावतर मेली नसन का जी?’ शंका रास्त आहे. फटाक्याची माळ एका पावसात भिजली की वाया जाते, हा सर्वांचा अनुभव. मग दुसऱ्या महायुद्धातला गोळा समुद्राच्या चिखलात पडून राहिल्यावर त्याच्यात काय उरणार?

उरते, आणि जवळजवळ सगळे उरते. फटाक्यातील दारू ही सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. त्यातला सोरा पाण्यात विरघळतो, आणि तो गेला की बाकीचे निरुपद्रवी भुकटीहून अधिक काही नसते. परंतु युद्धनौकांच्या गोळ्यांत, पाणसुरुंगांत आणि टॉर्पेडोंच्या शिरोभागात जे भरलेले असते, त्याचा मुख्य घटक बहुधा टीएनटी. हा फिकट पिवळा स्फटिकमय पदार्थ सुमारे ८१ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून तो वितळवून पोलादी खोळीत ओतता येतो; आणि पाण्यात तो इतका अल्प प्रमाणात विरघळतो, की समुद्रतळाच्या थंड, अंधाऱ्या चिखलात कित्येक दशके लोटली तरी त्याच्या सामर्थ्यात व्यवहारतः फरक पडत नाही. टीएनटीमध्ये अमोनियम नायट्रेट मिसळून केलेला अमाटोल त्या मानाने नाजूक, कारण खोळीला भोक पडून पाणी शिरले तर त्यातील नायट्रेट निघून जाते. परंतु त्यातही टीएनटीचा अंश मागे राहतोच.

झिजते ते वेगळेच. कोणत्याही गोळ्यात स्फोटक द्रव्याबरोबर त्या द्रव्याला आवरून धरणारी एक व्यवस्था असते: सुरक्षेची कळ, स्प्रिंग, पितळी पडदा, गोळा तोफेतून सुटून गरगर फिरू लागेपर्यंत आघातकाला अडवून ठेवणारे खिटे. खारे पाणी प्रथम या व्यवस्थेवर हल्ला करते. शिवाय डिटोनेटरमधील लेड अझाइड ओलाव्याच्या संगतीने तांब्यापितळेशी संयोग पावून कॉपर अझाइड निर्माण करू शकते, आणि हे द्रव्य असे चिडखोर, की केवळ घर्षणाने किंवा किंचित धक्क्याने त्याचा स्फोट होतो. त्याहून जुन्या काळी गोळ्यांत पिक्रिक अम्ल भरीत. त्याचे धातूंशी होणारे क्षारही असेच संवेदनशील. सारांश, ज्यामुळे हत्यार सांभाळून हाताळता येत होते ते काळ खाऊन टाकतो, आणि ज्यामुळे ते हत्यार ठरते ते शाबूत ठेवतो.

आता मुंबईच्या गोदीविषयी. कॅनडात १९४२ साली बांधलेले ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाले, कराचीस थांबले, आणि १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात टॉर्पेडो, पाणसुरुंग, तोफगोळे व इतर दारूगोळा मिळून सुमारे १,४०० टन माल होता. कराचीत रिकाम्या झालेल्या जागी कापसाच्या सुमारे ८,७०० गासड्या, तेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार भरण्यात आले. कापूस, तेल आणि दारूगोळा यांना एका जहाजात नांदवण्याची कल्पना शांततेच्या काळात कोणत्याही बंदर-अधिकाऱ्याने फेटाळली असती, आणि स्फोटके घेऊन आलेल्या जहाजाला धक्क्याला लावूच दिले नसते. परंतु युद्धाच्या निकडीने असे अनेक निर्बंध शिथिल केलेले होते, इतके की धोक्याचा माल जहाजावर असल्याचे दर्शविणारे लाल निशाणदेखील फडकावलेले नव्हते.

१४ एप्रिल रोजी दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर दिसला. या कोठारात खाली कापूस होता व वरच्या मजल्यावर स्फोटके. आमच्या विदर्भातल्या जिनिंग कारखान्यांत कापसाची आग ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावे लागत नाही, की दाबलेल्या गासडीच्या गाभ्यात शिरलेली आग वरून ओतलेल्या पाण्याने विझत नाही, ती आतल्या आत धुमसत राहते. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी कोठारात सोडले. जळत्या गासड्या त्या पाण्यावर तरंगत वर वर, स्फोटकांच्या दिशेने चढत गेल्या. जहाज गोदीबाहेर न्यावे की तेथेच बुडवावे, याचा निर्णय कोणाच्या अधिकारात, याचा खल होत असता दोन तास निघून गेले. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटले. सिमल्याच्या भूकंपमापकाने, सुमारे १,७०० किलोमीटर अंतरावर, तो हादरा टिपला. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा, त्याहून मोठा स्फोट झाला. मृतांची संख्या आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळी दिली जाते. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदीतील लहानमोठी डझनाहून अधिक जहाजे नष्ट अथवा निकामी झाली, आणि हजारो माणसे लावून सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसण्यात पुढचे कित्येक महिने गेले.

या दुर्घटनेची जी गोष्ट मुंबईकर आवडीने सांगतात ती मात्र सोन्याची. जहाजावर ३१ पेट्यांत सोन्याच्या १२४ लगडी होत्या, प्रत्येकी सुमारे पावणेतेरा किलोची. स्फोटाने त्या आकाशात उधळल्या, त्यांतली एक मैलभर अंतरावरील एका पारशी गृहस्थाच्या घराचे छत फोडून आत पडली, आणि त्याने ती प्रामाणिकपणे सरकारजमा केली. पुढे गाळ उपसताना १९७० च्या दशकापर्यंत लगडी मिळत राहिल्या. मला या कथेत सोन्याहून त्याच्या हिशेबाचे अप्रूप अधिक वाटते. लगड सापडली की किती आल्या होत्या, किती मिळाल्या, किती बाकी, हे वजाबाकी करून सांगता येत असे. दारूगोळ्याची यादीही जहाजावर होती. परंतु त्यातला किती जळला, किती उडाला आणि किती न उडता पाण्यात फेकला गेला, ही वजाबाकी करण्याचे साधन स्वतः स्फोटानेच नाहीसे केले. ऑक्टोबर २०११ मध्ये गाळ काढताना सुमारे ४५ किलो वजनाचा एक जिवंत गोळा वर आला व तो नौदलाच्या हवाली करण्यात आला, तेव्हा तो कोणत्या बाकीतून वजा करायचा, हे कोणत्याच दप्तरात लिहिलेले नव्हते.

असा गोळा समोर आला म्हणजे जाणकार काय पाहतो, हे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. प्रथम तो गोळा पुसत नाही, खरवडत नाही, आणि उन्हात वाळू देत नाही. पिक्रिक अम्ल असल्यास ते कोरडे होणे हे ओले असण्याहून अधिक वाईट. रंगाचे पट्टे, ज्यांवरून एके काळी गोळ्याची जात ओळखता येत असे, ते केव्हाच गेलेले असतात. म्हणून व्यास आणि लांबी मोजायची, आणि मग नजर न्यायची ती बुडाजवळील तांब्याच्या कड्याकडे. तोफेच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात; गोळा सुटताना त्या या मऊ कड्यावर तिरप्या उमटतात. खाचा असतील तर गोळा तोफेतून सुटलेला आहे, म्हणजे त्याचे खिटे निघालेले, आघातक मोकळा झालेला, आणि तरीही तो फुटलेला नाही: ही सर्वांत वाईट अवस्था. कडे गुळगुळीत असेल तर गोळा मालाचा, कधी न सुटलेला. ‘फोर्ट स्टिकिन’वरील गोळे या दुसऱ्या वर्गातले असणार, परंतु प्रचंड स्फोटाने भिरकावले गेल्यावर त्यांच्या आतील खिट्यांनी त्या धक्क्याचा कसा अर्थ लावला असेल, याची ग्वाही कड्याचा गुळगुळीतपणा देऊ शकत नाही. म्हणून मी कनिष्ठांना नेहमी सांगत असे, की कडे पाहून मनाची समजूत करा, वागणूक मात्र बदलू नका.

पाणसुरुंगाची गोष्ट आणखी निराळी, कारण तो मुळातच पाण्यात वाट पाहण्यासाठी घडवलेला असतो. जुन्या पद्धतीच्या सुरुंगाच्या गोलावर शिशाची शिंगे असतात. जहाज आदळून शिंग वाकले की आतील काचेची कुपी फुटते, तिच्यातील आम्लद्राव विद्युत्घटावर पडतो आणि वीज निर्माण होऊन डिटोनेटर उडतो. या रचनेत आधी साठवलेली वीज नसते. म्हणून घट शाबूत असला तर तो सुरुंग अनेक वर्षांनंतरही कामाला तयार असतो. १९०७ च्या हेग कराराने असे ठरले होते, की नांगरलेला सुरुंग साखळीपासून सुटला की आपोआप निकामी झाला पाहिजे. करार कागदावर राहिला, आणि सुटलेले सुरुंग वाहत राहिले. आपल्या किनाऱ्यालाही त्यांची ओळख आहे. पहिल्या महायुद्धात ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने १९१७ च्या फेब्रुवारीत मुंबईसमोरच्या समुद्रात गुपचूप सुरुंग पेरले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात ‘मंगोलिया’ हे उतारूंचे आगबोट-जहाज त्यांतल्या एकाला लागून बुडाले. पेरणारा तोपर्यंत हजारो मैल दूर गेलेला होता.

परदेशांतील दोन उदाहरणे या बाबतीत परस्परविरुद्ध म्हणून मला नेहमी बोधप्रद वाटत आली. टेम्स नदीच्या मुखाशी शिअरनेस गावासमोर ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ हे अमेरिकन जहाज ऑगस्ट १९४४ मध्ये वाळूच्या दांड्यावर रुतून मोडले. त्याच्या कोठारांत सुमारे १,४०० टन स्फोटके अद्याप आहेत. त्याच्या डोलकाठ्या पाण्यावर दिसतात, भोवती मनाईचे क्षेत्र आखलेले आहे, आणि त्याची मोजणी नियमाने होते. हात लावण्याचे धाडस कोणी करीत नाही, परंतु काय, किती आणि कोठे, हे सर्वांना ठाऊक आहे. उलट स्कॉटलंड व आयर्लंड यांच्या दरम्यान ब्यूफोर्ट्स डाइक नावाची जी खोल सागरी घळ आहे, तीत ब्रिटिश सरकारने दहा लाख टनांहून अधिक जुना दारूगोळा बुडवला, निदान हुकूम तसा होता. प्रत्यक्षात कित्येक बोटींनी घळीपर्यंत न जाता अलीकडेच ओझी टाकली. १९९५ साली तेथून गॅसची नळी नेण्याचे काम चालू असता फॉस्फरसच्या हजारो ज्वालाग्राही कांड्या स्कॉटिश किनाऱ्यावर वाहून आल्या. रुतलेल्या जहाजापेक्षा या खोट्या नोंदीची मला अधिक धास्ती वाटते. कारण नळी नेणारा अभियंता नकाशावर विश्वास ठेवून निघतो.

समुद्र दूर आहे म्हणून आपण निर्धास्त असावे, असेही नाही. २००४ साली गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातील गोळे फुटून दहा माणसे दगावली, आणि त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. जी वर्धा नदी मोवाडपाशी आमच्या तालुक्याची शीव धरून वाहते, तीच पुढे पुलगावच्या बाजूने जाते. तेथील लष्करी भांडाराजवळ कालबाह्य दारूगोळ्याची विल्हेवाट लावण्याचे काम चालू असता नोव्हेंबर २०१८ मध्ये सहा जण मृत्युमुखी पडले. नष्ट करण्यासाठी काढलेला माल नष्ट होईपर्यंत पुरेपूर माल असतो.

आणि मग आमच्या विहिरी. नरखेड, काटोल, वरूड या पट्ट्यात संत्र्याच्या बागांनी भूजल इतके उपसले आहे, की एकदा बांधलेली विहीर काही वर्षांनी पुन्हा खोल करावी लागते, आणि काळा पाषाण लागला म्हणजे जिलेटिनच्या कांड्यांखेरीज इलाज नसतो. ओळीने भोके पाडायची, कांड्या ठासायच्या, माणसे वर घ्यायची आणि बार उडवायचे. उडताना मुकादम कान देऊन मोजतो, आणि आठांपैकी सातच वाजले तर त्याचा चेहरा बदलतो. खाणींच्या कायद्यात अशा न उडालेल्या बाराची लेखी खबर पाळी बदलताना पुढच्या ब्लास्टरला द्यावी लागते, आणि त्याच भोकात पुन्हा ड्रिल घालण्यास सक्त मनाई असते. शेतातल्या विहिरीवर पाळी बदलत नाही, हंगाम बदलतो; ठेकेदार बदलतो, कधी मालकही बदलतो. सातबाऱ्यावर विहीर चढते, खरेदीखतात तिचा हिस्सा, मोटर आणि विजेची जोडणी यांचा तपशील येतो. प्रतवारी करीत बसलेल्या त्या मंडळींना मी उलट विचारले, की तुमच्या विहिरीत मागल्या खेपेस किती बार भरले होते आणि किती वाजले. एकाला भरलेले आठवत होते. वाजलेले ठेकेदाराला ठाऊक असतील, असे तो म्हणाला, आणि ठेकेदार त्या साली मध्यप्रदेशातून आलेला होता.